कपाटातला जुना फिल्म कॅमेरा पुन्हा वापरायचाय? आधी त्याचा माऊंट ओळखा

गणपतीआधीची साफसफाई असो की घराचं रंगकाम, माळ्यावरच्या ट्रंकेतून कधीतरी एक जड, काळा-चंदेरी कॅमेरा बाहेर येतो. चामड्याचं कव्हर, त्यावर पांढरट बुरशी, सोबत एखादी वेगळी लेन्स आणि कदाचित आत अडकलेला अर्धा रोल. घरातल्या मोठ्यांनी लग्नं, मुंजी, सहली याच कॅमेऱ्यावर टिपलेल्या असतात. मग प्रश्न पडतो, हा आज चालेल का?

बऱ्याचदा उत्तर 'हो' असतं. पण घाईत रोल भरून ३६ फोटो काढले आणि धुवून आणल्यावर सगळी फिल्म कोरी निघाली, तर पैसे जातात आणि कॅमेरा पुन्हा माळ्यावर जातो. काही जुने कॅमेरे तर जबरदस्तीने लिव्हर ओढल्यामुळे कायमचे बिघडतात. हे टाळायचं असेल तर हे कॅमेरे कसे चालतात, कुठली लेन्स कुठल्या बॉडीवर बसते आणि रोल भरण्याआधी काय तपासायचं, हे माहीत हवं.

मॅन्युअल फिल्म कॅमेरा म्हणजे नेमकं काय?

आज सापडणारे बहुतेक जुने कॅमेरे ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारे एसएलआर असतात. एसएलआरमध्ये लेन्समागे ४५ अंशांत आरसा असतो. लेन्समधून येणारं दृश्य आरशावर आदळून वर जातं, तिथल्या प्रिझममधून सुलटं होतं आणि डोळ्याला दिसतं. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, शटर उघडतं आणि प्रकाश फिल्मवर पडतो. त्या क्षणी व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार होतो. तो 'खटॅक' आवाज प्रामुख्याने आरशाचा आणि शटरचा असतो.

फिल्मची एक चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची असते. आज ज्याला 'फुल फ्रेम' डिजिटल कॅमेरा म्हणतात, त्याचा सेन्सर याच मापाचा असतो.

मॅन्युअल कॅमेऱ्यात तीन गोष्टी हाताने ठरवाव्या लागतात.

अॅपर्चर: लेन्समधल्या पात्यांचं भोक किती उघडं ठेवायचं. लेन्सवरच्या रिंगवर २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे आकडे असतात. आकडा जितका मोठा, तितकं भोक लहान. एका आकड्यावरून पुढच्या आकड्यावर गेलं की आत येणारा प्रकाश निम्मा होतो. याला एक 'स्टॉप' म्हणतात.

शटर स्पीड: फिल्मवर किती वेळ प्रकाश पडू द्यायचा. डायलवर १२५ लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ १/१२५ सेकंद.

फोकस: लेन्सची पुढची रिंग फिरवून अंतर जुळवायचं. व्ह्यूफाइंडरच्या मध्यभागी बऱ्याच कॅमेऱ्यांत एक गोल असतो. त्यात माणसाचं नाक किंवा खांबाची कड दोन तुकड्यांत तुटलेली दिसते. रिंग फिरवून ते तुकडे जुळले की फोकस झाला.

चौथी गोष्ट आयएसओ, म्हणजे फिल्मची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता. ती फिल्मसोबतच येते. २०० आयएसओचा रोल भरला तर संपूर्ण ३६ फोटो त्याच संवेदनशीलतेचे. डिजिटलसारखं दर फोटोला बदलता येत नाही.

बॅटरी नसताना कॅमेरा चालतो कसा?

हा सगळ्यात आधी सोडवायचा प्रश्न आहे, कारण जुन्या कॅमेऱ्यांचे दोन गट पडतात.

पहिला गट पूर्ण यांत्रिक. यात लिव्हर ओढली की आतल्या स्प्रिंगा ताणल्या जातात आणि बटण दाबलं की त्याच ताणावर शटर चालतं. पेंटॅक्स के१००० (१९७६ ते १९९७ या काळात बनलेला), निकॉन एफएम२ (१९८२), ऑलिम्पस ओएम-१, मिनोल्टा एसआरटी १०१, याशिका एफएक्स-३ सुपर २००० आणि सोव्हिएत बनावटीचा झेनिट-ई हे या गटातले. बॅटरी असलीच तर ती फक्त लाइट मीटरसाठी, म्हणजे उजेड मोजण्यासाठी. सेल संपला तरी फोटो निघतो.

दुसरा गट इलेक्ट्रॉनिक शटरचा. १९७६ साली आलेला कॅनन एई-१ हे याचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण. त्यात सेल नसेल तर शटरच हलत नाही. त्यामुळे घरातला एई-१ 'मेला' असं ठरवण्याआधी नवा ६ व्होल्टचा सेल टाकून पाहावा. पुष्कळदा बिघाड तेवढाच असतो. मात्र अशा कॅमेऱ्याचं आतलं सर्किट खरंच गेलं तर नवा भाग मिळत नाही. दुसऱ्या बंद पडलेल्या कॅमेऱ्यातून काढूनच बसवावा लागतो. यांत्रिक कॅमेरा मात्र जाणकार कारागीर साफसफाई, तेलपाणी करून पुन्हा चालू करू शकतो. नवशिक्यासाठी यांत्रिक कॅमेरा बरा म्हणतात, त्याचं कारण हेच.

माऊंट म्हणजे काय, आणि तोच इतका महत्त्वाचा का?

लेन्स बॉडीला जिथे जोडली जाते त्या जोडाला माऊंट म्हणतात. दोन लेन्स वरवर सारख्या दिसल्या तरी माऊंट वेगळा असेल तर एकमेकींच्या बॉडीवर बसत नाहीत. म्हणून जुना कॅमेरा घेताना माणूस खरं तर लेन्सचं एक घराणंच निवडत असतो. बॉडी बिघडली तर त्याच माऊंटची दुसरी घेता येते आणि लेन्स तशाच वापरता येतात.

जुन्या बाजारात सारखी भेटणारी घराणी अशी:

एम४२: ४२ मिलिमीटर व्यासाचे आटे असलेला हा माऊंट. लेन्स बाटलीच्या झाकणासारखी फिरवून बसवायची. १९४९ मध्ये पूर्व जर्मनीतून हा बाजारात आला. प्राक्टिका, झेनिट, पेंटॅक्स स्पॉटमॅटिक अशा वेगवेगळ्या देशांतल्या कॅमेऱ्यांनी तो वापरला. त्यामुळे याच्या लेन्स भरपूर आणि तुलनेने स्वस्त. झेनिटसोबत येणारी हेलिओस ४४-२ (५८ मिमी, एफ/२) याच घराण्यातली. तिच्या फोटोत पार्श्वभूमी भोवऱ्यासारखी फिरल्याचा भास होतो, म्हणून तिला आजही मागणी आहे.

निकॉन एफ: १९५९ पासूनचा. इथे एक धोक्याची सूचना आहे. १९७७ मध्ये निकॉनने 'एआय' नावाची सुधारणा केली. त्याआधीच्या, बदल न केलेल्या लेन्स एफएम२ सारख्या बॉडीवर जोर लावून बसवल्या तर माऊंटभोवतीचा भाग मोडू शकतो. उलट बाजूने, निकॉनच्या 'जी' प्रकारच्या अलीकडच्या लेन्सना अॅपर्चरची रिंगच नाही. त्या एफएम२ वर बसतात, पण अॅपर्चर बदलता येत नाही.

पेंटॅक्स के: १९७५ पासूनचा. पेंटॅक्सचे डिजिटल एसएलआरही याच माऊंटवर चालतात. पण रिकोच्या 'पी' खूण असलेल्या काही के-माऊंट लेन्सना मागे एक जादा पिन असते. ती पेंटॅक्सच्या ऑटोफोकस बॉडीत अडकून लेन्स निघेनाशी होऊ शकते.

कॅनन एफडी: १९७१ चा. १९८७ मध्ये कॅननने ऑटोफोकससाठी पूर्णपणे नवा ईएफ माऊंट आणला आणि एफडी लेन्स एका फटक्यात मागे पडल्या. लेन्स उत्तम, पण कॅननच्याच डिजिटल एसएलआरवर नीट बसत नाहीत. त्यामागचं कारण पुढे येईल.

याशिवाय मिनोल्टा एसआर (१९५८), ऑलिम्पस ओएम (१९७२) आणि काँटॅक्स-याशिका हे माऊंटही सापडतात.

लेन्स काढताना-बसवतानाही घराण्याचा स्वभाव लक्षात ठेवावा लागतो. समोरून पाहताना पेंटॅक्स के लेन्स घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवून बसते, तर निकॉनची उलट दिशेने. जुन्या कॅनन एफडी लेन्समध्ये लेन्स फिरतच नाही, फक्त मागची चंदेरी रिंग फिरते. लेन्स निघत नसेल तर जोर लावू नये. लॉकचं बटण शोधावं.

कुठली लेन्स कशासाठी?

अदलाबदल करता येणाऱ्या लेन्सची ओळख फोकल लेंग्थवरून होते. ती मिलिमीटरमध्ये लेन्सच्या पुढच्या कडेवर लिहिलेली असते.

५० मिमी: जवळपास प्रत्येक जुन्या कॅमेऱ्यासोबत आलेली लेन्स. माणसं, रस्ता, घरातले फोटो, सगळ्याला चालते. बहुतेकदा एफ/१.८ किंवा एफ/२ इतकी उघडते, म्हणून घरातल्या कमी उजेडातही उपयोगी.

२८ किंवा ३५ मिमी: जास्त विस्तार टिपणारी. वाडा, मंदिराचं आवार, गर्दीतली मिरवणूक यासाठी.

८५ ते १३५ मिमी: चेहऱ्याच्या फोटोसाठी. १३५ मिमीच्या जुन्या लेन्स बाजारात मुबलक असतात आणि सहसा स्वस्त मिळतात.

लेन्स जितकी लांब, तितका हात हलल्याचा परिणाम जास्त दिसतो. त्यासाठी एक साधा हिशेब आहे: शटर स्पीडचा आकडा फोकल लेंग्थपेक्षा कमी नको. ५० मिमीला किमान १/६०, १३५ मिमीला किमान १/२५०. जुन्या लेन्समध्ये हात स्थिर ठेवणारी यंत्रणा नसते.

नवशिक्याने सुरुवातीला एकच ५० मिमी लेन्स वापरावी, हा सल्ला खर्च वाचवण्यासाठी तर आहेच. पण एकाच लेन्सची सवय झाली की कॅमेरा डोळ्याला लावण्याआधीच चौकटीत काय येईल याचा अंदाज येऊ लागतो.

रोल भरण्याआधी काय तपासायचं?

आधी रिवाइंडची गोल मूठ बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून पाहा. ती ताठ लागली तर आत रोल असण्याची शक्यता आहे. अशा वेळी मागचं झाकण उघडू नका. रोल आधी डबीत परत गुंडाळा. त्यावर घरातले जुने फोटो असू शकतात.

कॅमेरा रिकामा असल्याची खात्री झाली की या गोष्टी पाहाव्यात:

१. शटर: मागचं झाकण उघडून १ सेकंद, १/३०, १/१२५ आणि सर्वांत वेगवान स्पीडवर बटण दाबा. १ सेकंद खरंच सेकंदभर वाटतो का? मधेच अडकतो का? आतलं जुनं वंगण घट्ट झालं की आधी मंद स्पीड बिघडतात.

२. शटरचा पडदा: अनेक कॅमेऱ्यांत तो कापडी असतो. लेन्स काढून अंधारात मागून टॉर्च धरा. बारीक छिद्रं असतील तर उजेड दिसेल. हीच छिद्रं फोटोत पांढरे ठिपके होऊन येतात.

३. अॅपर्चरची पाती: लेन्स लावून एफ/१६ ठेवा, १ सेकंदावर बटण दाबा आणि मागून पाहा. भोक चटकन लहान व्हायला हवं. पात्यांवर तेल आलं असेल तर ती सावकाश मिटतात आणि फोटो जास्त उजळ येतात.

४. लेन्सची काच: टॉर्च एका बाजूने मारून आरपार पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, दुधासारखा पडदा म्हणजे धुरकटपणा. थोडी धूळ फोटोत दिसत नाही, तिची काळजी नको. काच पिवळसर दिसली तर ती नेहमी घाणच असते असं नाही. सुपर टाकुमार ५० मिमी एफ/१.४ च्या काही आवृत्त्यांत थोरियमयुक्त, किंचित किरणोत्सारी काच आहे. ती वर्षानुवर्षांत पिवळी पडते. अशी लेन्स घरी खोलून काच घासू नये.

५. फोमच्या पट्ट्या: मागच्या झाकणाच्या खाचेत उजेड अडवणारा काळा फोम असतो. काही दशकांत तो डांबरासारखा चिकट होतो. तो नसेल तर फोटोवर केशरी-लाल पट्टे येतात. बदलायला स्वस्त, पण आधी बदलायला हवा.

६. सेलचा कप्पा: हिरवी-पांढरी पूड दिसली तर सेल गळलेला आहे. अल्कलाइन सेलची गळती असेल तर कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन पुसता येते.

सेल्फ-टायमरच्या लिव्हरला मात्र शक्यतो हात लावू नये. जुन्या कॅमेऱ्यात तो मधेच अडकला की संपूर्ण शटर अडकून बसतं. झोर्की, फेड या सोव्हिएत कॅमेऱ्यांत तर लिव्हर किंवा मूठ फिरवून शटर ताणल्यावरच स्पीड बदलायचा असतो. आधी बदलला तर आतली यंत्रणा बिघडू शकते.

लाइट मीटरवर विश्वास ठेवायचा का?

व्ह्यूफाइंडरमधली सुई मधोमध आली की एक्स्पोजर बरोबर, अशी साधी पद्धत या कॅमेऱ्यांत असते. अडचण सेलची आहे. १९६० आणि ७० च्या दशकांतले ओएम-१, एसआरटी असे कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायचे. पाऱ्याच्या विषारीपणामुळे ते सेल आता बनत नाहीत. त्याजागी १.५ व्होल्टचा साधा सेल टाकला तर सुई हलते, पण आकडा चुकीचा दाखवते. कानाच्या मशीनचे १.४ व्होल्टचे झिंक-एअर सेल हा त्यातल्या त्यात जवळचा पर्याय. ते काही आठवड्यांत उतरतात, पण तोवर बऱ्यापैकी अचूक चालतात. पेंटॅक्स के१००० ला मात्र आजही सहज मिळणारा एलआर४४ सेल चालतो. त्याला मीटर बंद करायचं बटण नाही, म्हणून वापर नसताना लेन्सवर टोपी लावून ठेवावी, नाहीतर सेल उतरतो.

झेनिट-ईच्या कपाळावरचं जाळीदार मीटर सेलेनियमचं आहे. त्याला सेल लागत नाही. पण ते वयानुसार मंदावतं आणि कधी पूर्ण बंद पडतं.

मीटर खरं बोलतंय का, हे पाहायला फोनवरचं लाइट मीटर अॅप पुरेसं आहे. एकाच भिंतीवर दोन्हींचे आकडे ताडून पाहावेत.

मीटर नसेल तरी काम अडत नाही. 'सनी १६' हा जुना नियम आहे: कडक उन्हात अॅपर्चर एफ/१६ ठेवायचं आणि शटर स्पीडचा आकडा फिल्मच्या आयएसओइतका घ्यायचा. २०० आयएसओची फिल्म असेल तर एफ/१६ आणि १/२५०. उजेड कमी झाला की शटर तेच ठेवून अॅपर्चर उघडत जायचं:

कडक ऊन, सावलीची कड स्पष्ट: एफ/१६
पातळ ढग, सावली पुसट: एफ/११
ढगाळ, सावली नाही: एफ/८
पावसाळी दाट ढग: एफ/५.६
उन्हाच्या दिवशी झाडाखालची किंवा इमारतीची सावली: एफ/४

शंका वाटली तर एक स्टॉप जास्त प्रकाश द्यावा. रंगीत आणि कृष्णधवल निगेटिव्ह फिल्म जास्त प्रकाश बऱ्यापैकी सोसते, कमी प्रकाश सोसत नाही. सावलीतला तपशील फिल्मवर उमटलाच नाही, तर तो नंतर कुठूनही आणता येत नाही. स्लाइड फिल्मचं मात्र उलटं आहे, ती जास्त प्रकाशाने पांढरी पडते.

फोटो कोरे निघू नयेत म्हणून

फिल्मचं टोक गुंडाळणीत नीट न अडकणं, हे नवशिक्यांचे रोल वाया जाण्याचं नेहमीचं कारण. त्यावर खात्रीचा उपाय आहे. सावलीत रोल भरून झाकण बंद करा, रिवाइंडची मूठ हलकेच फिरवून फिल्मची ढिलाई काढा आणि मग लिव्हर ओढा. लिव्हर ओढताना ती मूठ आपोआप फिरली पाहिजे. फिरत नसेल तर फिल्म जागची हललेली नाही. झाकण उघडून पुन्हा भरा. फिरत असेल तर दोन फोटो रिकामे काढून आकडा १ वर आणा आणि डायलवर फिल्मचा आयएसओ लावा.

रोल संपताना लिव्हर ताठ होते. तिथे थांबायचं. एक जादा फोटो मिळवण्यासाठी ओढलं तर फिल्मची भोकं फाटतात. मग तळाचं छोटं बटण दाबून, मूठ फिरवून फिल्म डबीत परत गुंडाळायची आणि त्यानंतरच झाकण उघडायचं.

विमानप्रवासात रोल चेक-इन सामानात टाकू नयेत. नव्या सीटी स्कॅनरमुळे तर हातातल्या सामानातली न धुतलेली फिल्मही खराब होऊ शकते. रोल पारदर्शक पिशवीत ठेवून हाताने तपासणी करण्याची विनंती करावी.

घाईच्या फोटोंना फोकस कसा करायचा?

वारीत किंवा विसर्जन मिरवणुकीत दर वेळी रिंग फिरवायला वेळ नसतो. जुन्या लेन्सवर यासाठी एक सोय आहे, जी नव्या लेन्सवर बहुधा नसते. फोकस रिंगजवळ ८, ११, १६ असे आकडे दोन्ही बाजूंना कोरलेले असतात. निवडलेल्या अॅपर्चरच्या त्या दोन खुणांमधलं सगळं अंतर स्पष्ट येतं.

उदाहरणार्थ, २८ मिमी लेन्स एफ/११ वर ठेवून फोकस अडीच मीटरवर लावला, तर सुमारे सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. मग फोकसला हात न लावता फक्त चौकट पाहून बटण दाबायचं. ५० मिमी लेन्सला हाच परिणाम मिळवायला फोकस साधारण साडेसात मीटरवर ठेवावा लागतो आणि पावणेचार मीटरच्या अलीकडचं पुसट येतं. गर्दीच्या रस्त्यावर रुंद लेन्स का आवडते, ते या आकड्यांवरून कळतं.

जुनी लेन्स नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर चालते का?

चालते, आणि बॉडी पूर्ण बिघडली असेल तर लेन्सचा हाच सर्वांत चांगला उपयोग आहे. फक्त गणित माऊंटपासून फिल्मपर्यंतच्या अंतराचं आहे.

प्रत्येक लेन्स फिल्मपासून ठरावीक अंतरावर बसवण्यासाठी बनलेली असते. निकॉन एफसाठी हे अंतर ४६.५ मिमी, एम४२ आणि पेंटॅक्स केसाठी ४५.४६ मिमी, कॅनन एफडीसाठी ४२ मिमी. आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांत ते खूपच कमी असतं: सोनी ई १८ मिमी, कॅनन आरएफ २० मिमी, निकॉन झेड १६ मिमी. उरलेली जागा धातूच्या पोकळ कड्याने भरून काढता येते. निकॉन एफ लेन्स सोनीवर लावायची तर ४६.५ वजा १८, म्हणजे २८.५ मिमी जाडीचं अडॅप्टर लागतं. त्यात काच नसते, म्हणून चित्राच्या दर्जावर परिणाम होत नाही.

कॅनन एफडीचं कोडंही इथेच सुटतं. कॅननच्या ईएफ माऊंटचं अंतर ४४ मिमी, म्हणजे एफडीपेक्षा जास्त. साध्या अडॅप्टरने लेन्स सेन्सरपासून गरजेपेक्षा लांब जाते आणि दूरचं दृश्य फोकस होत नाही. एम४२ लेन्स निकॉनच्या एसएलआरवर लावतानाही हीच अडचण येते. तीच एम४२ लेन्स पेंटॅक्स के बॉडीवर मात्र योग्य अडॅप्टरने व्यवस्थित चालते, कारण दोघांचं अंतर सारखं आहे.

मिररलेसच्या मेनूमध्ये 'लेन्सशिवाय शटर' चालू करण्याचा पर्याय निवडावा लागतो, नाहीतर कॅमेरा जुन्या लेन्सला ओळखत नाही आणि फोटो काढत नाही. फोकस हातानेच करायचा. लहान एपीएस-सी सेन्सरवर ५० मिमी लेन्स साधारण ७५ मिमीसारखा कोन देते, हेही लक्षात ठेवावं.

पावसाळ्यात हे सगळं जपायचं कसं?

मुंबई, कोकण आणि गोव्यात जुन्या लेन्सचा खरा शत्रू दमटपणा आहे. बुरशी काचेवरच्या लेपावर वाढते आणि तिच्यातल्या आम्लाने लेप कायमचा खरवडला जातो. नंतर बुरशी साफ केली तरी डाग राहतात.

चामड्याचं कव्हर ओल धरतं, म्हणून कॅमेरा त्यात कायमचा ठेवू नये. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवावा आणि जेल वेळच्या वेळी सुकवावं किंवा बदलावं. लेन्स जास्त असतील तर विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घेता येतं. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास असलेली चांगली. बुरशी लागलेली लेन्स बाकीच्यांपासून वेगळी ठेवावी. महिन्यातून एकदा शटर सगळ्या स्पीडवर चालवावं, म्हणजे वंगण गोठत नाही. कॅमेरा बराच काळ वापरायचा नसेल तर सेल काढून ठेवावा.

खर्च कुठे होतो?

कॅमेरा एकदाच घ्यावा लागतो, फिल्म मात्र सारखी. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची 'इंदू' फिल्म अनेकांना आठवत असेल. तो कारखाना आता बंद आहे. आज मिळणाऱ्या कोडॅक, इल्फर्ड यांसारख्या फिल्म परदेशात बनतात. त्यात धुण्याचा आणि स्कॅनचा खर्च धरला की एकूण रकमेला ३६ ने भागून एका फोटोची किंमत काढावी. हा आकडा कळला की बोट आपोआप जपून चालतं.

रंगीत फिल्म धुणाऱ्या लॅब आता मोजक्या शहरांत उरल्या आहेत. बाकीच्यांना रोल कुरिअरने पाठवावा लागतो. स्कॅन मिळाले तरी निगेटिव्ह परत मागून घ्याव्यात. फोनमधली फाइल हरवली तरी त्यावरून पुन्हा फोटो करता येतो. कृष्णधवल फिल्म घरीही धुता येते. त्यासाठी बंद टाकी, थर्मामीटर आणि मोजकी रसायनं पुरतात. फिल्म टाकीत भरेपर्यंतच पूर्ण अंधार लागतो.

कॅमेरा विकत घ्यायचा असेल तर मुंबईत फोर्टमधला बोरा बाजार कॅमेरा आणि फोटोच्या सामानासाठी जुना आहे, तर चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर वापरलेले कॅमेरे दिसतात. खिशात छोटी टॉर्च ठेवावी आणि वर दिलेली तपासणी विक्रेत्यासमोरच करावी. 'चालू आहे का माहीत नाही' असं सांगितलं तर तो बंद आहे असं समजूनच किंमत करावी.

मग घरातल्या कॅमेऱ्याचं काय करायचं?

शटर सगळ्या स्पीडवर चालत असेल आणि लेन्स स्वच्छ असेल तर फोम बदला आणि एक स्वस्त रोल चाचणी म्हणून काढा. प्रत्येक फोटोचं अॅपर्चर आणि शटर वहीत लिहून ठेवा, म्हणजे चूक कॅमेऱ्याची की अंदाजाची हे कळेल. फक्त मंद स्पीड अडकत असतील तर १/६० आणि त्याहून वेगवान स्पीडवर आधी एक रोल काढून बघता येतो. दुरुस्तीचा निर्णय निकाल पाहून घ्यावा. बॉडी पूर्ण बंद असेल पण लेन्स चांगली असेल, तर माऊंट ओळखून त्याच घराण्याची दुसरी बॉडी किंवा मिररलेससाठी अडॅप्टर शोधावं. आणि लेन्स बुरशीने पूर्ण खराब होऊन बॉडी चालू असेल, तर नवी-जुनी ५० मिमी लेन्स शोधणं सहसा अवघड नसतं.

दोन्ही गेलं असेल तरी भंगारात टाकण्याआधी एखाद्या कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याला विचारावं. या यंत्रांचे नवे भाग बनत नाहीत. त्यामुळे एका बंद कॅमेऱ्यातला आरसा, स्क्रू किंवा गिअर दुसऱ्या कुणाच्या तरी घरातला कॅमेरा चालू करू शकतो.